विश्लेषण : श्रद्धेतच शंका आली तर जायचे कोणाकडे? ख्रिस्ती ‘आध्यात्मिक मार्गदर्शन’ म्हणजे काय? नाशिकच्या टिळकांचा अनुभव काय सांगतो?

रोज प्रार्थना करणाऱ्या माणसाला एखाद्या दिवशी वाटू लागते, की आपण भिंतीशी बोलतो आहोत. हे सांगायचे कोणाला? घरात सांगितले तर घरचे घाबरतात. धर्मगुरूला सांगितले तर तो उपदेश सुरू करतो. मित्राला सांगितले तर तो म्हणतो, ‘मग सोडून दे ना!’ मराठीत ‘संशयात्मा’ हा शब्दही कोणी कौतुकाने वापरत नाही. ख्रिस्ती परंपरेने मात्र अशा माणसासाठी एक जुनी सोय करून ठेवली आहे. तिला आध्यात्मिक मार्गदर्शन म्हणतात. ही सोय कशी चालते, कुठे फसते आणि नाशिकच्या लक्ष्मीबाई टिळक, पंडिता रमाबाई व मदर तेरेसा यांच्या आयुष्यांतून तिच्याविषयी काय कळते, ते पाहू.

आध्यात्मिक मार्गदर्शन म्हणजे नेमके काय?

एक माणूस ठरावीक काळाने, बहुधा महिन्यातून एकदा, दुसऱ्या अनुभवी माणसासमोर तासभर बसतो. प्रार्थनेत काय घडते, काय घडत नाही, राग कशाचा आहे, देव आहे असे केव्हा वाटते आणि केव्हा वाटत नाही, हे तो सांगतो. समोरचा बहुतांश वेळ ऐकतो, मधूनच एखादा प्रश्न विचारतो. वरवर पाहता एवढेच.

हे पापनिवेदन नव्हे. कॅथलिक पंथात पापनिवेदन, म्हणजे कन्फेशन, हा संस्कार आहे. तो फक्त धर्मगुरूच देऊ शकतो आणि तिथे ऐकलेले कोणत्याही कारणासाठी उघड करता येत नाही. मार्गदर्शक मात्र साधा प्रापंचिक माणूस असू शकतो, धर्मभगिनी असू शकते, प्रॉटेस्टंट पंथात पाळकाची पत्नीही असू शकते. हे मानसोपचारही नव्हेत. झोप उडाली असेल, जगण्यातला रस संपला असेल, तर चांगला मार्गदर्शक डॉक्टरकडे जायला सांगतो. (केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे.) आणि हे धर्मांतराचे साधनही नाही. तिथे येणारा बहुधा आधीपासूनच श्रद्धावान असतो, निदान कधी काळी तरी होता.

ही पद्धत आली कुठून?

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एकांतात राहणाऱ्या साधकांकडे लोक सल्ल्याला जात, तिथपर्यंत तिचा माग लागतो. तिला आजचे रूप दिले ते इग्नेशियस लोयोला या स्पॅनिश सरदाराने. १५२१मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. बिछान्यावर पडल्या पडल्या तो संतचरित्रे वाचू लागला. पुढे मानरेसा गावी त्याला आपल्या पापांबद्दल अशा शंकांनी घेरले, की आत्महत्येचे विचार येऊ लागले. त्या अनुभवांतून त्याने ‘आध्यात्मिक साधना’ हे छोटे पुस्तक तयार केले. १५४८मध्ये पोपने त्याला मान्यता दिली. येशूसंघाचे, म्हणजे जेझुइटांचे, प्रशिक्षण आजही त्यावर उभे आहे.

त्या पुस्तकातल्या दोन सूचना महत्त्वाच्या. पहिली मार्गदर्शकाला उद्देशून आहे. त्याने साधकाला इकडे किंवा तिकडे ढकलू नये, तराजूच्या काट्यासारखे मधोमध राहावे आणि देव व माणूस यांना परस्पर बोलू द्यावे. दुसरी साधकासाठी आहे. मन उदास आणि कोरडे असताना आधी केलेले निश्चय बदलू नयेत. कोरडेपणा यायचाच, पण त्या भरात मोठे निर्णय घ्यायचे नाहीत. पाचशे वर्षांपूर्वीचा हा सल्ला आजही राजीनामा लिहायला बसलेल्या कोणालाही उपयोगी पडेल.

नाशिकच्या टिळकांचा याच्याशी काय संबंध?

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) मूळचे कोकणातले, पण त्यांचे शिक्षण नाशिकला झाले. तिथे त्यांनी गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृतचे धडे घेतले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. १८९३मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी युरोपीय प्रवाशाने टिळकांना बायबल दिले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांनी ते फारसे मनावर घेतले नाही. पण पुस्तक वाचता वाचता येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुढचे वादळ मराठी वाचकांना ‘स्मृतिचित्रे’तून माहीत आहे. टिळकांच्या शंकांची चर्चा खूप झाली. आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या दृष्टीने मात्र लक्ष्मीबाईंची गोष्ट अधिक शिकवणारी आहे आणि तिच्याकडे त्या नजरेने फारसे पाहिले गेलेले नाही.

लक्ष्मीबाई वाढल्या त्या सोवळ्या-ओवळ्याचा अतिरेक असलेल्या घरात. नवरा ख्रिस्ती झाल्यावर चार-पाच वर्षे त्या वेगळ्या राहिल्या, नातलगांच्या आधाराने लहान मुलाला वाढवत. नंतर त्या टिळकांकडे परतल्या, पण आपले सोवळे घेऊनच. स्वयंपाक-पाण्याचे नियम त्यांनी मोडले नाहीत, आणि तापट म्हणून प्रसिद्ध असलेल्या टिळकांनी ते मोडायला लावले नाहीत. कविता हातावेगळी व्हावी म्हणून घर डोक्यावर घेणारा हा माणूस या एका बाबतीत थांबून राहिला, हे विशेष.

लक्ष्मीबाईंची शंका येशूच्या देवत्वाविषयी नव्हती. त्रैक्याच्या सिद्धांताविषयी तर नव्हतीच. त्यांचा प्रश्न होता जातीचा. राहुरीला असताना त्यांच्या मनात विचार आला, की जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या, तर प्राण्यांच्या जाती जशा पाहताच ओळखू येतात तशा माणसांच्याही आल्या असत्या. त्यांचे त्यांनाच उत्तर मिळाले. त्यानंतर कोणाच्याही हातचे पाणी प्यायचे, असे त्यांनी ठरवले. बाप्तिस्मा पुढे, १९००मध्ये, झाला. म्हणजे पाण्याचा तांब्या आधी आणि धर्मसिद्धांत नंतर!

टिळकांना ‘आध्यात्मिक मार्गदर्शक’ म्हणणे ओढूनताणून होईल. ते नवरा होते, त्यांचा हेतूही तटस्थ नव्हता. पण त्यांनी केले ते नेमके इग्नेशियसच्या पहिल्या सूचनेतले. दुसऱ्याचा प्रश्न आपल्या प्रश्नाच्या साच्यात कोंबला नाही. तीच चूक दुसऱ्या एका मराठी बाईच्या बाबतीत इंग्लंडमध्ये झाली होती.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत काय बिनसले?

१८८३मध्ये रमाबाई इंग्लंडमधल्या वाँटेज येथे अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात राहायला गेल्या आणि २९ सप्टेंबरला त्यांनी तिथेच बाप्तिस्मा घेतला. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या आध्यात्मिक आई झाल्या. रमाबाईंच्या पत्रांत त्या ‘आजीबाई’ आहेत. सुरुवातीचा जिव्हाळा खरा होता. मग रमाबाईंनी प्रश्न विचारायला सुरुवात केली.

त्रैक्य कशावरून? कुमारी मातेच्या पोटी जन्म हा श्रद्धेचा अनिवार्य भाग कशावरून? बायबलमध्ये जे स्पष्ट नाही ते चर्च सांगते म्हणून का मानायचे? संस्कृत शास्त्रांचा कीस काढत वाढलेल्या विदुषीकडून हे प्रश्न येणे स्वाभाविक होते. बारीकसारीक गोष्टींवरूनही खटके उडत. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, ती ना मला कळतात ना माझ्या देशातल्या बहिणींना, असा त्यांचा सवाल होता. चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकत असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे का, यावर भारतातल्या बिशपांनी आक्षेप घेतला, तेव्हा तर त्या संतापल्याच. भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर आता दुसऱ्या पुरोहितांचे जोखड मानेवर घ्यायचे नाही, असे त्यांनी स्वच्छ कळवले.

जेराल्डिन यांना यात अहंकार आणि आज्ञाभंग दिसला. त्या रमाबाईंच्या प्रश्नांना उत्तरे देत होत्या, पण ऐकत होत्या शरण येण्याची वाट पाहत. कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांची पत्रे वेगळी आहेत. श्रद्धेचा अंधारा काळ काही वर्षांपूर्वीच स्वतः अनुभवलेल्या बील यांनी रमाबाईंना वाद घालू दिला, ‘मला अशा अडचणीत हे उपयोगी पडले’ अशा सुरात त्या लिहीत. रमाबाई त्यांच्याशी मोकळ्या होत्या, हे दोन्ही पत्रव्यवहार शेजारी ठेवून वाचले की लगेच जाणवते. जेराल्डिन यांचे एक श्रेय मात्र मान्य करावे लागते. स्वतःला अडचणीची ठरणारी पत्रेही त्यांनी जपून ठेवली. म्हणूनच १९७७मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली हा पत्रव्यवहार ग्रंथरूपाने आला आणि तो आज कोणालाही वाचता येतो.

रमाबाईंची शंका कोणत्याही पत्राने मिटली नाही. भारतात परतल्यावर, शारदा सदन सुरू केल्यानंतर, विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. धर्मगुरू म्हणून काम करत असतानाच त्या गृहस्थाला आपली श्रद्धा पोकळ असल्याचे उमगले होते. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असे रमाबाईंनी पुढे स्वतःच्या साक्षीत नोंदवले. त्यांना सोबत मिळाली ती शंकेतून गेलेल्या माणसाची.

शंकेखोर माणूस दुसऱ्याला मार्ग दाखवू शकतो?

याचे मराठी उत्तर आहे फादर नीलकंठ, म्हणजे नेहेमिया, गोरे (१८२५-१८९५). काशीत वाढलेले हे चित्पावन पंडित ख्रिस्ती धर्माचे खंडन करायला निघाले आणि १८४८मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन बसले. पण शंकांनी त्यांचा पिच्छा सोडला नाही. बाप्तिस्म्याच्या सुमारासही, आणि नंतर आयुष्यभर, आपला निर्णय बरोबर होता का, हा भुंगा त्यांचे डोके पोखरत राहिला. अँग्लिकन काऊली फादर्सच्या संघात ते उमेदवार म्हणून दाखल झाले, पण अंतिम व्रते त्यांनी घेतली नाहीत. आणि हेच गोरे पुण्यात, मुंबईत इतरांच्या शंकांना पत्रांतून, पुस्तिकांतून सविस्तर उत्तरे देत होते. रमाबाईंच्या जडणघडणीतही त्यांचा वाटा होता.

मदर तेरेसांना पुण्याच्या प्राध्यापकाने काय सांगितले?

२००७मध्ये मदर तेरेसांची खासगी पत्रे पुस्तकरूपाने आली आणि जगभर खळबळ उडाली. ती नष्ट करावीत, अशी त्यांची स्वतःची इच्छा होती. कोलकात्यात काम सुरू केल्यानंतर लवकरच त्यांना प्रार्थनेत देवाचा अनुभव येणे थांबले होते. देव नाहीच की काय, इथपर्यंत त्यांचे मन गेले होते. हे थोड्याफार फरकाने जवळजवळ पन्नास वर्षे चालले. बाहेर हसरा चेहरा, आत काळोख. काही वर्तमानपत्रांनी याला ढोंग म्हटले.

याच पत्रांत पुण्याचा संबंध येतो. जोसेफ नॉयनर (१९०८-२००९) हे ऑस्ट्रियन जेझुइट पुण्यात धर्मशास्त्र शिकवत. १९६१मध्ये ते कोलकात्याला मदर तेरेसांच्या भगिनींची तपसाधना घ्यायला गेले असताना मदर यांनी आपली अवस्था त्यांना सांगितली, लिहूनही दिली. आधीच्या मार्गदर्शकांनी धीर दिला होता, हेही दिवस जातील असे सुचवले होते. नॉयनर यांनी तसे काही सांगितले नाही. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की या काळोखावर माणसाच्या हातात उपाय नाही, हा तुमच्या चुकीचा परिणाम नाही, आणि देवाची एवढी तहान लागणे हीच तो असल्याची खूण आहे. काळोख गेला नाही. पण अकरा वर्षांत पहिल्यांदाच आपण या काळोखावर प्रेम करू लागलो, असे मदर यांनी त्यांना कळवले.

नास्तिक माणूस म्हणेल, ही शब्दांची कसरत आहे. तहान आहे म्हणून पाणी असलेच पाहिजे, असे कुठे आहे? आक्षेप रास्त आहे. नॉयनर यांनी देवाचे अस्तित्व सिद्ध केले नाही, तो त्यांचा प्रयत्नही नव्हता. त्यांनी फक्त शंका कोणत्या जातीची आहे ते ओळखले. मदर यांना युक्तिवाद नको होता. तो रमाबाईंना हवा होता. मदर यांना दिलेले उत्तर रमाबाईंना दिले असते, तर त्यांनी ते बहुधा परत पाठवले असते.

मग यात धोका कोणता?

मोठा आहे. बंद खोली, मनातली गुपिते आणि एका बाजूला देवाच्या नावाचा अधिकार, ही मांडणीच धोकादायक. सोळाव्या शतकातले संत जॉन ऑफ द क्रॉस यांनी साधकाला आडवाटेला नेणाऱ्या तीन आंधळ्यांची यादी केली आहे. सैतान आणि साधक स्वतः, हे दोघे त्यात आहेतच, पण पहिला मान आध्यात्मिक मार्गदर्शकाचा!

अलीकडचे उदाहरण फ्रान्समधले. मतिमंद व्यक्तींसाठी ‘लार्श’ ही जगभर पसरलेली संस्था उभारणारे ज्याँ व्हानिए जिवंतपणी संतासारखे मानले जात. २०१९मध्ये ते वारले. २०२०मध्ये संस्थेनेच प्रसिद्ध केलेल्या चौकशी अहवालात उघड झाले, की त्यांनी आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून किमान सहा महिलांचे लैंगिक शोषण केले होते. २०२३च्या अभ्यासात हा आकडा किमान २५वर गेला. बुवाबाजीच्या बातम्या सरावाने वाचणाऱ्या महाराष्ट्राला यातली कार्यपद्धती अनोळखी वाटणार नाही.

सत्तेचा गैरवापर दरवेळी इतका उघड नसतो. म्हणून कॅथलिक चर्चच्या कायद्यात एक नेमकी तरतूद आहे. धर्मगुरू होण्यासाठी शिकणाऱ्या उमेदवाराला दीक्षा द्यायची की घरी पाठवायचे, हे ठरवताना त्याच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाचे मत विचारायचेच नाही. शंका बोलून दाखवली तर नापास होऊ, ही भीती असेल तर कोण खरे बोलेल? नाशिकच्या ‘दिव्यदान’सारख्या संस्थांत तत्त्वज्ञान शिकणाऱ्या तरुण उमेदवारांसाठी ही तरतूद म्हणजे नुसते कलम नाही. सात-आठ वर्षांच्या शिक्षणात शंका न आलेला विद्यार्थी विरळाच, आणि तत्त्वज्ञान हा विषयच शंका घ्यायला शिकवणारा.

गुरू-शिष्य परंपरेपेक्षा हे वेगळे कसे?

गुरूकडे शिष्य शरण जातो. इथे शरणागती अपेक्षित नाही, निदान असू नये. मराठी ख्रिस्ती मनाला तरीही गुरूची भाषा जवळची वाटते आणि त्यात गैर काही नाही. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. देवाशी भांडणे, त्याला जाब विचारणे हे वारकरी परंपरेला नवे नाही. त्यामुळे शंका म्हणजे श्रद्धेचा शत्रू, ही समजूत इथे पूर्वीही तितकीशी घट्ट नव्हती.

टिळकांचेही बाप्तिस्म्याने सगळे सुटले नाही. त्यांची पुढची शंका येशूविषयी नव्हती, मिशनच्या साहेबी चौकटीविषयी होती. १९१७मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. दोन वर्षांत ते गेले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी स्वतःचे ६४ अध्याय लिहून पुरे केले. १९३६मध्ये नाशिकलाच त्यांचे निधन झाले.

आज महाराष्ट्रात याची सोय आहे का?

आहे. जेझुइट आणि इतर संघांच्या साधनागृहांत मौनाची तपसाधना घेतली जाते, तिला मार्गदर्शक असतो. मूळ साधना तीस दिवसांची. नोकरी-घर सांभाळणाऱ्यांसाठी तीच रोज थोडा वेळ काढून, काही महिन्यांत पुरी करण्याचा पर्यायही इग्नेशियसनेच देऊन ठेवला आहे.

या क्षेत्रातले सर्वांत परिचित नाव मुंबईत जन्मलेले जेझुइट अँथनी डिमेलो (१९३१-१९८७) यांचे. त्यांनी १९७०च्या दशकात पुण्यात सुरू केलेली ‘साधना’ संस्था पुढे लोणावळ्याला गेली. श्वासाकडे लक्ष देणे, शांत बसणे अशा भारतीय पद्धती त्यांनी इग्नेशियसच्या साधनेशी जोडल्या. त्यांची पुस्तके हिंदू, ख्रिस्ती, कुठलेच नसलेले असे सगळेच वाचतात. १९९८मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर ११ वर्षांनी, व्हॅटिकनने त्यांच्या काही विचारांबाबत सावधगिरीची सूचना काढली. कार्डिनल रॅट्झिंगर, म्हणजे नंतरचे पोप बेनेडिक्ट सोळावे, यांची त्यावर सही होती. पुस्तकांचा खप काही थांबला नाही.

मार्गदर्शक निवडताना काय पाहावे? त्याचे प्रशिक्षण झाले आहे का, तो स्वतः कोणाकडे मार्गदर्शनाला जातो का, ऐकलेले गुप्त ठेवण्याबद्दल तो काय सांगतो, आणि भेटीची जागा इतरांच्या नजरेत राहणारी आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारावे. ‘मी सांगतो तसेच कर’ किंवा ‘हे घरी सांगू नकोस’ असे म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. मार्गदर्शक केव्हाही बदलता येतो, त्यासाठी कारण द्यावे लागत नाही.